पाड्यावर लाईट लावायचेत, हातभार लावा

नमस्कार मंडळी, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला चिकटून असलेल्या आमच्या पाड्यांसाठी हे आवाहन आहे, जरा लांबलंय पण पूर्ण वाचा.

बिबट्या दिसला रे दिसला की ग्रुपवर पहिला मेसेज काय, तर पिंजरा लावा आणि लांब नेऊन सोडा. अहो ते करून झालंय. २००४ ला मुंबईत हल्ल्यांनी कहर केला होता ना, त्याच्या आधी बाहेर पकडलेले बिबटे आपल्याच पार्कात आणून सोडले होते. एक उचलला की मोकळ्या हद्दीत दुसरा येतो, आणि अनोळखी जागी सोडलेला बिचारा सैरभैर होऊन कुठेही शिरतो. त्यात तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल १ मधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेला प्राणी, वनखात्यालाही मनात आलं म्हणून पकडता येत नाही. वाघोबाला पुजणारी आमची म्हातारी माणसं तर कधीच पिंजरा मागत नाहीत, मागतात ते उजेड.

कारण खरी भीती आहे ती शौचालयाच्या वाटेची. पहाटे अंधारात पोरगं एकटं जातं, वाटेत झुडपाशी खाली बसलं की बिबट्याला ते माणूस वाटतच नाही, कुत्र्याएवढं काहीतरी दिसतं. म्हणून बायका मोबाईलवर गाणी लावून, टॉर्च घेऊन चार-पाच जणी मिळून जातात, पण रोज सोबत कुठून आणायची?

तर मंडळाने ठरवलंय की आधी या वाटेवर सोलर लाईट, मग कोंबड्यांच्या खुराड्यांना आणि बकऱ्यांच्या गोठ्यांना वरूनसुद्धा जाळी आणि कडीचं दार. उघडं छप्पर म्हणजे आमंत्रणच. गवंडी, वेल्डर, इलेक्ट्रिशियन कोणी असेल तर एक रविवार द्या, मजुरीचा खर्च वाचेल.

बिल्डिंगवाल्यांना वेगळी विनंती (रागावू नका, व्हिडिओ काढायला तुम्हीच पुढे असता). कंपाऊंडच्या भिंतीपलीकडे कचरा, चिकनचं वेस्टेज टाकू नका, त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. झाकणवाले मोठे डबे दिलेत तर फारच बरं. बिबट्या दिसलाच तर गर्दी, दगडफेक नको, वनखात्याच्या १९२६ वर फोन करा.

पैसे मंडळाच्या खजिनदाराकडेच द्या आणि पावती मागून घ्या, हिशोब बोर्डावर लावणार आहोत. जुनी जाळी पण चालेल, फक्त गंजलेली नको.