अलंकाराला कामाला लावणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

हे पत्र पाकिटात घालून तुमच्या हातात देता आलं असतं. पण आमच्या नववी-दहावीच्या मुलांना तुम्ही जे दिलंत, ते मराठी शिकवणाऱ्या इतरांपर्यंतही पोचावं असं मला फार वाटतं, म्हणून हे आभार सगळ्यांसमोर मानते आहे. नाव कुठे लिहू नकोस असं तुम्ही बजावलं आहे, ते पाळते.

निवृत्तीनंतर तुम्ही महाडला लेकीकडे राहायला आलात आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत येऊन वक्तृत्वाची मुलं तयार करायचं कबूल केलंत. स्पर्धेची तयारी म्हणजे भाषण मोठ्या माणसाने लिहून द्यायचं, मुलाने पाठ करायचं आणि मग आवाजाचे चढउतार घोटून घ्यायचे, ही सगळीकडची रीत. तुम्ही पहिल्याच शनिवारी फळ्यावर तुकोबा लिहिलेत: “लहानपण देगा देवा । मुंगी साखरेचा रवा । ऐरावत रत्न थोर । त्यासी अंकुशाचा मार ।” अलंकार ओळखा म्हटलं असतं तर अर्ध्या वर्गाने ‘दृष्टान्त’ म्हणून हात वर केले असते. तुम्ही विचारलंत, “तुकोबा इथे काय पटवून देतायत? आणि कशाच्या जोरावर?”

वर्ग गप्प झाला. मग हळूहळू मांडणी सुरू झाली. मागणी लहानपणाची. का, तर मुंगीला साखर मिळते. आणि मोठं झालं तर? ऐरावताच्या वाट्याला अंकुश. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “पण बाई, मुंगी पायाखाली चिरडतेसुद्धा.” तुम्हाला किती आनंद झाला होता! त्याला उभं करून तुम्ही म्हणालात, याने तुकोबांना आडवा प्रश्न विचारलाय, आता तुकोबांच्या बाजूने बोला कोणीतरी. तेव्हा एका मुलीला तुकोबांचीच दुसरी ओळ आठवली, “महापुरे झाडे जाती । तेथे लव्हाळे वाचती.” ती म्हणाली, हे जास्त पटतं, कारण लव्हाळं का वाचतं ते दिसतं. ते वाकतं.

सावित्री नदीच्या काठची मुलं ती. २०२१ च्या जुलैतला पूर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला. त्या उत्तरातून तुम्ही जे काढलंत ते मी माझ्या टाचणवहीत जसंच्या तसं उतरवलं आहे: ज्या दृष्टान्ताच्या पोटात कारण आहे तो मुद्द्याला बळ देतो, ज्याच्या पोटात नुसतं साम्य आहे तो ऐकणाऱ्याने दुसरा दृष्टान्त काढेपर्यंतच टिकतो.

जोतीराव फुल्यांच्या ओळींचा तास तर मी कधीच विसरणार नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’मधल्या त्या ओळी भिंतीवर रंगवलेल्या असतात, प्रत्येक जयंतीला म्हटल्या जातात, म्हणून मुलांना पाठ असतात. विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, नीतीविना गती गेली, गतीविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले. याला कारणमाला म्हणतात हे तुम्ही एका वाक्यात सांगून टाकलंत. उरलेला सगळा तास ती माळ तोडण्यात आणि पुन्हा ओवण्यात गेला. तुम्ही मधलं ‘नीती’ पुसलंत आणि वाचायला लावलंत. मग ‘गती’ पुसलंत. मग पहिलं आणि शेवटचंच ठेवलंत: विद्या नसल्यामुळे शूद्र खचले. मुलांनीच सांगितलं की आशय बराचसा तोच आहे, पण आता कोणी सहज ‘कशावरून?’ म्हणेल. सबंध माळेत तसं म्हणायला जागा सापडत नाही, कारण प्रत्येक पायरी एवढी लहान आहे की ऐकणारा ती मान्य करतो, आणि मान्य केलेल्या शब्दानेच पुढची पायरी सुरू होते. शेवटी ‘इतके’ आणि ‘एका’ समोरासमोर येतात तेव्हा हिशेब मांडून झालेला असतो.

आणि तिथेच एका मुलाने विचारलं, “माझ्या आजीला सही येत नाही. म्हणजे तिला नीती नाही का?”

बाई, या प्रश्नावर कोणी चिडलं असतं, कोणी महापुरुषांचं लिहिणं आहे म्हणून गप्प बसवलं असतं. तुम्ही खुर्चीवर बसलात आणि म्हणालात, “ही पायरी तुला लहान वाटत नाही. इथे आपण थांबू.” मग तुम्ही सांगितलंत की जोतीराव एका आजीबद्दल बोलत नाहीत; पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना पाटीला हात लावू दिला नाही अशा सबंध समाजाचं काय झालं, आणि ते कोणी केलं, हे ते मांडतात. त्यांचं विधान तिथे खरं ठरतं. पण मुलाचा प्रश्नही तुम्ही खोडला नाहीत. लय माणसाला पुढे नेते आणि सैल सांधाही त्या लयीत निभावून जातो, म्हणून बोलणाऱ्याने प्रत्येक सांधा आधी स्वतः ठोकून पाहायचा, आणि ऐकणाऱ्याने लय थांबवून बघायचं, हे तुम्ही त्याच्याच उदाहरणाने समजावलंत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना एवढ्या विश्वासाने वागवणारं कोणी मी फार कमी पाहिलं आहे.

वाक्यरूपांतर हा व्याकरणातला मार्कांचा प्रश्न. प्रश्नार्थी वाक्य विधानार्थी करा. त्यासाठी तुम्ही टिळकांचा ६ जुलै १८९७ च्या केसरीतला मथळा दिलात: ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ प्लेग अधिकारी रँडच्या खुनानंतर पुण्यावर सरकारने जे दडपण आणलं त्यावरचा तो अग्रलेख. मुलांनी रूपांतर केलं, ‘सरकारचे डोके ठिकाणावर नाही.’ दोन्ही वाक्यं शेजारी लिहून तुम्ही फक्त एवढंच विचारलंत की कोणत्या वाक्यात ‘नाही’ हा शब्द वाचणाऱ्याने स्वतः उच्चारला. बस्स. तो प्रश्न कसा चालतो हे त्यापुढे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

चवदार तळ्यावरून ही मुलं रोज ये-जा करतात. २० मार्चला, तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मरणदिनी, गर्दी असते म्हणून ती दुसऱ्या रस्त्याने जातात, एवढी त्या जागेची सवय. २५ डिसेंबर १९२७ च्या महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेबांनी केलेलं भाषण तुम्ही त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतलंत. तळ्याचं पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, आजवर ते प्यालो नाही म्हणून मेलोही नाही, असं आधी सांगून मग ते म्हणतात की तळ्यावर जायचं ते इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे सिद्ध करण्यासाठी. तुम्ही अपन्हुतीचं पुस्तकातलं लक्षण आठवायला लावलंत, हे नव्हे तर ते. कवितेत डोळे नाकारून पाकळ्या म्हणतात. इथे कोणतीही उपमा नाही, तरी बांधणी तीच आहे, आणि कामाला केवढी लागली आहे! ‘पाण्यासाठी एवढा खटाटोप कशाला’ असं म्हणणाऱ्याचं म्हणणं बाबासाहेब स्वतःच आधी मांडून बाजूला ठेवतात. त्यानंतर विरोधकाला बोलायला पाण्याचा विषयच उरत नाही, माणूसपणावरच बोलावं लागतं. माझ्या मते मराठीतल्या भाषणांत एवढी घट्ट बांधणी क्वचित सापडते, आणि ज्या गावात ती उभी राहिली त्या गावातल्या मुलांना ती कोणीतरी उलगडून दाखवायलाच हवी होती.

आता त्या मुलीबद्दल, जिच्यासाठी मी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं.

नदीतल्या गाळावर तिने लिहिलेलं पहिलं भाषण तुम्हाला आठवत असेल. निसर्गाचं रौद्र तांडव, अश्रूंचा महापूर, प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला ‘आम्ही महाडकर’. तुम्ही ते पूर्ण ऐकलंत, मग विचारलंत, “तुझ्या घरात पाणी कुठवर आलं होतं?” ती म्हणाली, “पोटमाळ्याच्या पायरीपर्यंत. आम्ही रात्रभर वर बसून होतो.” हे भाषणात कुठेच नव्हतं. तांडव गेलं, पायरी आली.

मग ‘आम्ही महाडकर’. पुनरुक्ती कुठल्याही शब्दाची करता येते, पण तुमच्या मागणीचं मर्म ज्या शब्दात आहे त्याचीच करा, असं तुम्ही तिला म्हणालात आणि तो शब्द शोधायला एक आठवडा दिलात. पुढच्या शनिवारी ती घेऊन आली: “पावसाआधी गाळ काढा. पावसाआधी नाले मोकळे करा. पावसाआधी भोंगा वाजवून बघा.” मला वर्गात मागे उभं राहून ऐकताना कळलं की आता हे वाक्य कोणालाही पुढे ढकलता येणार नाही, कारण मुदत त्याच्या तोंडावरच लिहिली आहे.

स्पर्धा झाली. त्यानंतर २६ जानेवारीला तिच्या गावच्या ग्रामसभेत तिने ते पुन्हा वाचलं. एका ज्येष्ठ गृहस्थांनी विचारलं, खर्च कोणी करायचा? तुम्ही प्रत्येकीकडून आडव्या प्रश्नांची यादी करून घेत होतात, त्यात हा प्रश्न होता. ती म्हणाली, “आजोबा, नदीचा खर्च गावाला झेपणार नाही, तो वरून मागावा लागेल. पण नाले आणि भोंगा गावाच्या हातात आहे. त्याचा ठराव आज लिहून घ्या.” ना अलंकार, ना आवाजाचा चढ. जिथे साधं बोलायचं तिथे साधं बोलणंही ती तुमच्याकडूनच शिकली. ठराव लिहून घेतला गेला. नाले मे महिन्यात साफ होतात का, यावर तिचं आणि तिच्या मैत्रिणींचं लक्ष आहे.

ऐकण्याचं शिक्षणही मुलांमध्ये रुजलं आहे. परवा प्रचाराची रिक्षा शाळेवरून गेली. भोंग्यावर एकच शब्द पुन्हा पुन्हा चालला होता. दहावीतला एकजण म्हणाला, “बाई, हे एवढ्या वेळा म्हणतायत, पण मागणी काय आहे, कारण काय आहे?” उत्तर मी दिलं नाही, वर्गालाच शोधायला सांगितलं. हेही तुमचंच.

जूनमध्ये नवी नववी येईल. त्यांच्यासोबत मला मुक्ता साळवेचा १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आलेला निबंध वाचायचा आहे. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मातंग समाजाची मुलगी विचारते, वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमचा ग्रंथ कोणता आणि आमचा धर्म कोणता? समोरच्याचं विधान जसंच्या तसं मान्य करून त्याचा शेवट त्यालाच दाखवायचा, हे ती शाळकरी वयात करते. त्याला आपल्या अलंकारशास्त्रात काय म्हणावं हे मला तुमच्याशी बोलून ठरवायचं आहे. तुम्ही त्या तासाला यावं ही विनंती. गुडघ्यांमुळे जिना चढवत नसेल तर वर्ग खाली भरवू, मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलं आहे.

बाई, तुम्ही एक पैसा न घेता, पावसापाण्यात, ठरल्या वेळी येत राहिलात. मुलांच्या वतीने आणि माझ्या वतीने तुमचे मनापासून आभार.

तुमची,
महाड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतली मराठीची शिक्षिका