मुलीच्या नावापुढचा शेरा: ताईंना आभाराचं पत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलींच्या अभ्यासवर्गांवर शिकवणाऱ्या आम्ही सगळ्याजणी हे पत्र उघडच लिहितो आहोत, म्हणजे ‘वाईट’ असा शेरा बसलेल्या मुलींसोबत काम करायची तुमची पद्धत बाकीच्या वर्गांपर्यंतही पोचेल.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असतो. तिथे ‘चांगली’ सोडून काही लिहिलेलं असलं, की मुलीच्या आधी तिच्याबद्दलचं मत वर्गात येऊन बसतं. दाखलाच अडवला तर काय करायचं, हे तुमच्यामुळे पाठ झालं: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार तो लगेच द्यावा लागतो, आणि उशीर झाला म्हणून सरकारी वा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. कलम १६ नुसार आठवी होईपर्यंत नाव काढता येत नाही. वयाची १४ वर्षं पूर्ण आणि पाचवी पास असेल, तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं.

पण कागद मिळाला तरी शेरा सुटत नाही. मुलानं बाक आपटला तर तो मस्तीखोर. मुलीनं आपटला तर तिला वळण नाही, आणि घरी स्थळं बघायला सुरुवात. मग तीच म्हणू लागते, ‘मी आहेच तसली’, कारण त्या ओळखीचा निदान दरारा तरी असतो. ‘नाही गं, तू गुणी आहेस’ अशी समजूत घालू नका, हे तुम्ही बजावलंत. ती ते खोटं पाडून दाखवणारच.

त्याऐवजी तुम्ही तीन रकान्यांचा कागद दिलात: आधी काय घडलं, तिनं काय केलं, नंतर काय झालं. दोन आठवडे रोज भरायचा. वेळ, जागा, समोर कोण होतं, सगळं. ‘उद्धट बोलली’ चालत नाही, बोललेले शब्दच लिहायचे. फक्त भांडणाच्या दिवशी नोंद केली तर कागद फसतो, कारण सुरळीत गेलेले तास त्यात दिसतच नाहीत. त्याहून जास्त फसतो तो तिसरा रकाना कोरा ठेवल्यावर. उत्तर बहुधा तिथेच असतं: मोठ्यानं वाचायची पाळी आली की भांडण, भांडणाची शिक्षा वर्गाबाहेर, आणि वाचन टळलं! म्हणजे शिक्षाच तिच्या सोयीची. अशा मुलीची आधी अध्ययन अक्षमतेसाठी, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातल्या अडचणीसाठी, तपासणी व्हायला हवी, उपदेश राहू दे.

त्याच्याही आधी कान, डोळे आणि हिमोग्लोबिन. हाक नीट ऐकू न येणारी मुलगी मुद्दाम दुर्लक्ष करते असं वाटतं. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या बरंच खाली असलेली आळशी ठरते. इतकी साधी गोष्ट आणि फाईल मात्र स्वभावाच्या वर्णनांनी भरलेली, याची चीड येते.

मुलगी स्वतःकडे कशी बघते हे कळायला ‘मी’नं सुरू होणारी वीस वाक्यं लिहून घेण्याची चाचणी समाजशास्त्रज्ञ कुन आणि मॅकपार्टलंड यांची, १९५४ सालची. तुमची भर अशी की निम्मी वाक्यं ती काय करते याची हवीत: ‘मी भाकऱ्या थापते’, ‘मी भावाचा अभ्यास घेते’. एकेकटीनं लिहायचं, कागद तिच्यापाशीच राहणार. घोळक्यात लिहिलं तर शेजारणीचं उतरतं, फाईलला लावलं तर बाईंना आवडेल ते येतं. तीन महिन्यांनी पुन्हा लिहायचं आणि फरक तिनंच बघायचा.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या विशेष शिक्षण संहितेत भावनिक-सामाजिक अडचणी असलेल्या मुलांच्या गटाच्या नावातून ‘वर्तन’ हा शब्द काढला, हे तुम्हीच सांगितलंत. नाव बदलल्यानं नजर बदलतेच असं नाही, हे आमचं मत.

जबाबदारी द्यायची तर खरी द्या, हा तुमचा आग्रह आता पटतो. वाचनालयाची नोंदवही सोपवली तर चुकल्यावर पुस्तक खरंच हरवतं, आणि शोधायला तिलाच जावं लागतं. नुसतं मॉनिटर केलं, तर दमदाटीचा परवाना मिळतो आणि जुनाच शेरा पक्का होतो. वहीवर सही तिची, तपासणी आठवड्यातून एकदा, तीही तिच्यासमोर.

तुमच्या ऋणी,
अभ्यासवर्गांच्या शिक्षिका