ई-सिम दुसऱ्या फोनात जातं की नाही, ते पैसे घ्यायच्या आधी सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं सिंगापूरला फिरायला गेलो होतो. निघायच्या आधी घरूनच एका ॲपवरून दहा दिवसांचं ट्रॅव्हल ई-सिम (म्हणजे कार्ड न घालता क्यूआर कोड स्कॅन करून फोनात डाउनलोड करायचं सिम) घेतलं, मिसेसच्या फोनवर क्यूआर स्कॅन केला आणि चांगी विमानतळावर उतरल्या उतरल्या नेट चालू, इथपर्यंत सगळं छान. चौथ्या दिवशी एमआरटीच्या (तिथल्या मेट्रोच्या) जिन्यावर तिचा फोन हातातून सुटला, डिस्प्ले काळाठिक्कर आणि टच पूर्ण बंद.

माझ्याकडे ई-सिम चालणारा दुसरा फोन होता. आपलं इथलं साधं सिम तिच्या कानातल्याच्या काडीने ट्रे उघडून अर्ध्या मिनिटात माझ्या फोनात घातलं, लगेच बँकेचा ओटीपीही आला. ई-सिमचं मात्र जमेना. हॉटेलच्या वायफायवर तोच क्यूआर स्कॅन केला तर कोड आधीच वापरला गेलाय असा मेसेज. कंपनीच्या चॅटवर विचारलं तर म्हणे आधी जुन्या फोनवरून ई-सिम डिलीट करा आणि स्क्रीनशॉट पाठवा. अहो, ज्या फोनवर बोटच चालत नाही त्याचा स्क्रीनशॉट कुठून आणू? फुटलेल्या फोनचा फोटो पाठवला तरी तेच उत्तर, तीनदा. शेवटी पासपोर्ट दाखवून तिथलं टुरिस्ट सिम घेतलं, उरलेल्या सहा दिवसांचे पैसे गेले ते गेलेच.

परत आल्यावर भाच्याने समजावलं, त्याचं मोबाईलचं दुकान आहे. ई-सिमची चिप फोनच्या आतच बसवलेली असते, प्रत्येक चिपला ३२ आकडी ईआयडी नंबर असतो (स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की दिसतो) आणि एकदा डाउनलोड केलेलं सिम त्याच चिपला बांधलं जातं. क्यूआर बहुतेक वेळा एकदाच चालतो. आयफोनवरून आयफोनवर न्यायची सोय आहे पण ती सिम देणाऱ्या कंपनीने ठेवली असेल तरच, आणि ट्रॅव्हल प्लॅनमध्ये ती बऱ्याचदा नसते. काही कंपन्या मागितल्यावर नवा कोड देतात, म्हणजे करता येतं, करायची इच्छा पाहिजे.

माझं म्हणणं एवढंच की हे पैसे भरायच्या पानावर मोठ्या अक्षरात आणि मराठीतही लिहा: दुसऱ्या फोनात नेता येईल की नाही, किती वेळा, आणि फोन फुटला किंवा चोरीला गेला तर काय. आम्हाला ही अट तिकडे अडकल्यावर कळली, ती पण ॲपमध्ये सगळ्यात खाली बारीक अक्षरात इंग्रजीत. साठीच्या पुढची माणसं आता मुलांशिवाय एकटी फिरायला जातात, त्यांनी परदेशात रात्री अकरा वाजता कुणाला विचारायचं?

मी ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केली आहे. ज्या वाचकांना असाच अनुभव आला असेल त्यांनीही करावी, आणि जे निघायच्या तयारीत आहेत त्यांनी कंपनीला हा प्रश्न आधी चॅटवर विचारून उत्तर घरच्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवावं, आणि कंपनीला विचारल्याशिवाय जुन्या फोनवरचं ई-सिम अजिबात डिलीट करू नये.

आपला,
एक वाचक, सांगली