‘दीडपट’ झालेला फ्लॅट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘घरात घातलेला पैसा बुडत नाही’ हे आपल्या मालमत्ता पुरवणीतले वाक्य आणि घरांचे भाव ‘दीडपट’ झाल्याचा आकडा वाचून हा पत्रप्रपंच. बुडत नसेलही, पण झिजतो. माझा कसा झिजला ते सांगतो.

मी बँकेत होतो, लोकांची गृहकर्जे मंजूर करण्यात आयुष्य गेले. तरीही 2013 साली हिंजवडीजवळ माणला दुसरा फ्लॅट घेतलाच. मुद्रांक शुल्क, नोंदणी, सर्व्हिस टॅक्स, पार्किंग धरून 57 लाखांना पडला. कर्ज 10 टक्क्यांच्या आसपास. ठेवीवर तेव्हा 9 टक्के मिळत होते. ‘आयटीची पोरं आहेत तोवर भाडेकरूला तोटा नाही, काका,’ हे एजंटचे वाक्य मला पटले होते. (ग्राहकांना मात्र मी दुसरे घर जपून घ्या म्हणत असे.)

मार्च 2020 मध्ये कंपन्या बंद झाल्या आणि आमचा भाडेकरू लॅपटॉपसकट लातूरला गेला. फ्लॅट सात महिने रिकामा. हप्ता चालू, मेंटेनन्स चालू. सप्टेंबरात सरकारने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी उतरवले, तेव्हा एजंटने गिऱ्हाईक आणले. 56 लाख. ‘भाव पडले नाहीत, टिकून आहेत,’ असे वर म्हणाला.

टिकून? प्राप्तिकरासाठी सरकार दरवर्षी महागाईचा निर्देशांक जाहीर करते. 2013-14 चा 220, 2020-21 चा 301. या हिशेबाने नुसते होतो तिथेच राहायचे तरी मला 78 लाख मिळायला हवे होते. 22 लाखांनी भाव उतरला होता आणि एकाही फलकावर तशी ओळ नव्हती. बिल्डर चौरस फुटाचा दर खाली आणतच नाहीत. मुद्रांक शुल्क आम्ही भरू म्हणतील, मॉड्युलर किचन देतील, फ्लोअर राइज (वरच्या मजल्यासाठीचा जादा दर) सोडतील. दर उतरवला तर आधी बुकिंग केलेले लोक साइट ऑफिसात येऊन बसतात.

आज तोच एजंट 85 लाख सांगतो. पुरवणीच्या भाषेत दीडपट! 2025-26 चा निर्देशांक आहे 376. त्याने 57 लाखांचे 97 होतात. म्हणजे मी अजून 12 लाखांनी मागेच, आणि बँकेला दिलेले व्याज यात धरलेलेच नाही.

भाडे वाढले आहे, नाही म्हणत नाही. महिना 24 हजार. वर्षाच्या 2 लाख 88 हजारांतून 54 हजार मेंटेनन्सला जातात (टँकर सुरू झाले की जास्त), भाडेकरू बदलला की एक महिन्याचे भाडे एजंटला, मग रंगकाम, घरपट्टी. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) वेगळे. ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांवर घेता येत नाही, हे आमच्या चेअरमनना दोनदा लेखी कळवावे लागले. हाती उरतात दोन लाख. 85 लाखांवर अडीच टक्केसुद्धा नाहीत.

आता मुलगा दुसरा फ्लॅट बुक करायच्या विचारात आहे. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेले घर विकताना नफ्यावर निर्देशांक लावून (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरून) 20 टक्के किंवा न लावता 12.5 टक्के कर, असा पर्याय मला तरी आहे. निर्देशांक लावला की माझा तोटाच निघतो, म्हणजे कर शून्य. त्याला ती सोय नाही. निव्वळ महागाईने फुगलेल्या रकमेवरही त्याला 12.5 टक्के भरावे लागतील. शिवाय भाड्याने दिलेल्या घराचा तोटा (भाड्यापेक्षा कर्जाचे व्याज जास्त झाले तर होणारा) नव्या करप्रणालीत पगारातून वजा होत नाही. त्याला हे सांगितले, तर म्हणतो, ‘बाबा, पेपरात तर दीडपट लिहिलंय.’

स्वतः राहायला घर घेणाऱ्याचा हिशेब निराळा, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. एवढीच विनंती, की यापुढे असे आकडे छापताना शेजारी त्या वर्षांचा महागाई निर्देशांकही छापावा. एका ओळीची जागा लागेल.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, कोथरूड, पुणे
(नाव छापू नये. आमचे भाडेकरूही आपलाच अंक वाचतात, आणि करार नव्याने करायचा आहे.)