पहाटे तीन वाजता माझ्या जागी उभे राहिलेल्या साहेबांना

आदरणीय साहेब,

सादर नमस्कार.

आपण सेवानिवृत्त झालात ही बातमी आपल्याच कारखान्यातल्या एका सहकाऱ्याकडून कळली, तेव्हा फोन करून चार शब्द बोलावेत असे प्रथम वाटले. पण जे सांगायचे आहे ते फोनवर मावणारे नव्हते, आणि एकट्या आपल्यालाच सांगून भागणारेही नव्हते. आपल्या औद्योगिक वसाहतीत आज जी मुले ऑपरेटर म्हणून लागत आहेत आणि त्यांच्या हातून काही चुकले की जे लोक चौकशीला बसतात, त्या सर्वांनी ते वाचावे म्हणून हे आभाराचे पत्र उघडपणे लिहीत आहे. कारखान्याचे नाव मी घेतलेले नाही आणि आपलेही लिहिलेले नाही. आपल्याला ते आवडले नसते, एवढे मी आपल्याला ओळखतो.

११ वर्षांपूर्वी, भर पावसाळ्यात, रात्रपाळीत पहाटे तीनच्या सुमारास माझ्या हातून चुकीचा व्हॉल्व्ह उघडला गेला. मिथेनॉल हा पेट घेणारा द्रव एक नंबरच्या रिॲक्टरमध्ये, म्हणजे रासायनिक क्रिया घडवण्याच्या बंद भांड्यात, घ्यायचा होता. मी तो तीन नंबरमध्ये सोडला. तीन नंबरमधला माल तेव्हा ९० अंशांच्या आसपास होता आणि मिथेनॉल ६५ अंशांना उकळते, त्यामुळे पुढे काय झाले हे रसायनाच्या कारखान्यात उभे राहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. बघता बघता दाब चढला, रप्चर डिस्क, म्हणजे जादा दाबाला वाट देण्यासाठी बसवलेली पातळ चकती, फुटली आणि वाफ छतावरच्या व्हेंटमधून मोठा आवाज करत बाहेर पडली. आसपास ठिणगी नव्हती, छतावर कोणी नव्हते आणि पॅनलवरच्या सहकाऱ्याने वॉकी-टॉकीवर ओरडून सांगताच मी व्हॉल्व्ह बंद केला, म्हणून कोणालाही इजा झाली नाही.

सकाळी दहा वाजेपर्यंत अहवालाचा मसुदा तयार होता. कारण, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उपाय, संबंधितास मेमो, सर्व ऑपरेटरना पुन्हा प्रशिक्षण आणि जागेवर एक सूचनाफलक. मला तो मसुदा अन्यायाचा वाटला नव्हता, हे इथे मुद्दाम सांगतो. व्हॉल्व्ह माझ्याच हाताने उघडला होता, आणि स्वतःला निष्काळजी मानूनच मी चौकशीच्या खोलीत पाऊल टाकले होते. अपघातात एकमेकांना मदत करणाऱ्या कारखान्यांच्या म्युच्युअल एड गटातर्फे शेजारच्या कारखान्याचे सुरक्षा अधिकारी म्हणून आपण त्या समितीवर बाहेरचे सदस्य होता. त्या खोलीत मला 'तुम्ही' म्हणणारे आपण एकटेच. बाकी सर्वांनी मला 'तू हे का केलेस' असे विचारले. आपण विचारले, "व्हॉल्व्हवर हात ठेवला तेव्हा तो बरोबरच आहे, असे तुम्हाला कशावरून वाटले?"

मला उत्तर देता आले नाही. खरोखरच देता आले नाही, कारण वाटले होते एवढेच आठवत होते, कशावरून ते आठवत नव्हते. आपण वही मिटली आणि म्हणालात, "मग आज रात्री तिथेच जाऊन पाहू."

त्या रात्री अडीच वाजता आपण आलात. पाऊस कोसळत होता. जनरल शिफ्टमध्ये सावकाश येऊन पाहता आले असते, पण आपण हेल्मेट, गॉगल, हातमोजे असा माझाच सगळा पेहराव चढवलात आणि मी ज्या मागच्या जिन्याने चढलो होतो त्याच जिन्याने चढलात. वर पोहोचेपर्यंत आपल्या गॉगलच्या काचा धुकटल्या होत्या, माझ्याही तशाच धुकटल्या होत्या. समोर तीन व्हॉल्व्ह, एकाच उंचीवर, एकसारख्या चाकांचे, एकमेकांपासून हातभर अंतरावर. पॅनलच्या पडद्यावर ते डावीकडून एक, दोन, तीन असे दिसतात. मागच्या जिन्याने आलेल्या माणसाला मात्र सर्वांत डावीकडे तीन नंबर लागतो. आपण टॉर्च धरून नंबरच्या पट्ट्या शोधल्या. ऑडिटच्या आधी सगळ्या लाइनला रंग काढला होता आणि रंगाऱ्याचा ब्रश पट्ट्यांवरूनही फिरला होता. आपण नखाने रंग खरवडलात, तेव्हा कुठे खालचा आकडा दिसला.

मग आपल्याला एका चाकाच्या दांडीला अडकलेला सुतळीचा तुकडा दिसला. "ही सुतळी कसली?" असे आपण विचारले, तेव्हा आमच्याबरोबर आलेले जुने ऑपरेटर थोडा वेळ गप्प राहिले. नंतर त्यांनी सांगितले की, एक नंबरच्या चाकाला कित्येक वर्षे एक लाल चिंधी बांधलेली असायची. कोणी सांगून बांधलेली नव्हती. रात्री अंधारात चुकू नये म्हणून पोरांनीच बांधली होती, आणि फाटली की नवी बांधत. आठ दिवसांपूर्वी, ऑडिटच्या साफसफाईत, गबाळे दिसते म्हणून ती काढून टाकण्यात आली. त्या क्षणी मला आपल्या सकाळच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. वर्षभर माझा हात त्या चिंधीकडे जात होता. चिंधी नाहीशी झाल्यावर तो पडद्यावरच्या क्रमाने गेला, म्हणजे सर्वांत डावीकडे.

"म्हणजे हा धोका तुम्हा सगळ्यांना माहीत होता," आपण त्या जुन्या ऑपरेटरना म्हणालात. आपल्या आवाजात दोषारोप नव्हता, तरी त्यांचे डोळे भरून आले. धोका सगळ्यांना माहीत होता आणि एकाही कागदावर नव्हता. दुसऱ्या दिवशी आपण व्यवस्थापकांकडून लेखी घेतलेत की, याविषयी जो बोलेल त्याच्यावर कारवाई होणार नाही, आणि तो कागद कँटीनच्या फळ्यावर लावल्यावर संध्याकाळपर्यंत तिघांनी येऊन सांगितले की, गेल्या काही वर्षांत त्यांचाही हात चुकीच्या चाकावर गेला होता आणि वेळीच लक्षात आले होते. त्यातल्या एकाचेही टिपण झाले नव्हते, कारण आमच्याकडे निअर-मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, लिहून देणे म्हणजे स्वतःच्या हाताने मेमो मागून घेणे होते.

साहेब, आपण समितीपुढे आमचा हॅझॉपचा, म्हणजे कुठे काय बिघडू शकते याच्या अभ्यासाचा, तक्ता ठेवला होता तो प्रसंग मी आजही नव्या इंजिनिअरना सांगतो. 'चुकीच्या रिॲक्टरमध्ये मिथेनॉल जाणे' ही शक्यता त्यात होती. तक्ता करणाऱ्यांनी ती विसरलेली नव्हती. परिणामाच्या रकान्यात दाबवाढ आणि आग, असेही बरोबर लिहिले होते. संरक्षणाच्या रकान्यात मात्र 'प्रशिक्षित ऑपरेटर व एसओपी' (ठरलेली लेखी कार्यपद्धती) एवढे चारच शब्द होते, आणि त्यांच्या आधारावर जोखीम 'कमी' ठरवली होती. आपण त्या ओळीवर बोट ठेवून विचारले की, हा ऑपरेटर कितव्या तासाला आहे? रिलीव्हर, म्हणजे पाळी बदलायला येणारा माणूस, न आल्यामुळे मी त्या रात्री डबल ड्यूटीवर होतो आणि चुकीच्या वेळी माझा तेरावा तास चालू होता. तक्त्यातला ऑपरेटर कायम ताजातवाना होता, पट्टी वाचू शकत होता, त्याच्या गॉगलला वाफ धरत नव्हती.

नंतर चहा पिताना आपण थ्री माइल आयलंडची हकीकत सांगितलीत. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या त्या अणुवीज केंद्रात दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडा अडकून राहिला, पण पॅनलवरचा दिवा विझलेला होता. तो दिवा व्हॉल्व्ह बंद झाल्याचे सांगत नव्हता, बंद होण्याचा आदेश गेला आहे एवढेच सांगत होता. पॅनलवरच्या माणसांनी त्याचा जो अर्थ घेतला तो कोणीही घेतला असता, आणि दोन तासांहून अधिक काळ अणुभट्टीतले पाणी त्या वाटेने जात राहिले. भोपाळविषयी आपण फार हळू आवाजात बोललात. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री, पाळी बदलण्याच्या सुमारास, एमआयसी म्हणजे मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या ६१० नंबरच्या टाकीतला दाब २ पीएसआय (दाबाचे एकक) वरून १० वर गेला होता. परंतु २ ते २५ हा नेहमीचाच पल्ला समजला जात असल्यामुळे नव्या पाळीच्या माणसाला त्यात वावगे दिसले नाही. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद केलेली होती, निसटलेला वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरची लाइन दुरुस्तीसाठी सोडवलेली होती. एकेक आधार काढून घेत गेले की शेवटी सगळा भार रात्रपाळीतल्या माणसाच्या नजरेवर येतो आणि ती नजर चुकली की आपण त्याला दोषी म्हणतो, असे आपण म्हणाला होता. माझी चूक त्या घटनांच्या शेजारी ठेवण्याइतकी मोठी नव्हती, पण आपण ती ठेवलीत, म्हणून मला तिचा आकार समजला.

आपल्या आग्रहामुळे अहवालातले उपाय वरपासून खालपर्यंत बदलले. प्रशिक्षण आणि फलक शेवटच्या ओळीत गेले. पहिल्या ओळीत इंटरलॉक, म्हणजे चुकीची कृती आपोआप अडवणारी व्यवस्था, आला. रिॲक्टरचे तापमान ५० अंशांच्या वर असेल तर त्याची मिथेनॉलची लाइन आता उघडतच नाही, मग चाक कोणीही आणि कितीही फिरवो. त्याला खर्च होता, आणि त्यासाठी आपण आमच्या व्यवस्थापनाशी दोन बैठकांत जो वाद घातला तो आपल्या कामाचा भाग नव्हता. आपला कारखाना दुसरा होता. तिन्ही चाकांना वेगवेगळा रंग आणि वेगळा आकार मिळाला, पडद्यावरचा क्रम जागेवरच्या क्रमाशी जुळवण्यात आला, आणि डबल ड्यूटीवरच्या माणसाकडे मिथेनॉल घेण्याचे काम द्यायचे नाही असा नियम झाला. हा शेवटचा नियम पाळणे सर्वांत अवघड गेले. रिलीव्हर आला नाही की आजही ओढाताण होते, आणि तेव्हा बॅच थांबवण्याचा निर्णय घेताना मला आपली आठवण येते.

माझा मेमो रद्द झाला, पण मी त्यासाठी आभार मानत नाही. मेमो घेऊन मी पुढच्या रात्री त्याच व्हॉल्व्हपाशी गेलो असतो, अधिक घाबरलेला, आणि तिथली चूक माझ्यानंतरच्या माणसाची वाट पाहत तशीच राहिली असती. आपण तिला माझ्या अंगावरून उतरवून तिच्या खऱ्या जागी, त्या प्लॅटफॉर्मवर नेऊन दाखवलेत, त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. कारखाना अधिनियमातल्या १९८७ च्या दुरुस्तीने, कलम ४१ एच अन्वये, धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्या कामगाराला धोका समोर दिसत असेल तर तो व्यवस्थापनाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क दिला होता, हेही मला प्रथम आपल्याकडून कळले. तोपर्यंत बोलणे म्हणजे आगाऊपणा, अशीच माझी समजूत होती.

आता मी शिफ्ट इन्चार्ज आहे. गेल्या महिन्यात, रात्रीच्या पाळीत, सहा महिन्यांपूर्वी लागलेला एक मुलगा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्याने तीन नंबरचे चाक फिरवले होते आणि इंटरलॉकमुळे काहीच झाले नव्हते. न सांगता तो निघून गेला असता तर कोणाला कळलेही नसते. मी त्याला बसवले, पाणी दिले आणि आपला तोच प्रश्न त्याला विचारला. त्याने सांगितले की, हिरवे आणि निळे चाक त्या दिव्याखाली सारखेच दिसतात. आम्ही दोघे जाऊन पाहिले. वर्षभरापूर्वी बदललेल्या दिव्यांच्या पिवळट उजेडात ते खरोखरच सारखे दिसतात, आणि मी त्याच दिव्यांखाली वर्षभर वावरत होतो.

दिवे बदलण्याची मागणी मी दिली आहे. येत्या ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनानिमित्त, आपण आमच्याकडे यावे अशी सर्वांची इच्छा आहे. सत्कार दुपारी होईल, पण माझी विनंती अशी की, मुक्काम करावा आणि पहाटे तीन वाजता माझ्याबरोबर त्या मागच्या जिन्याने वर यावे. नवा उजेड पुरेसा आहे की नाही, हे आपण पाहून सांगितल्याशिवाय मला खात्री वाटणार नाही.

आपला कृतज्ञ,
तेव्हाचा ऑपरेटर, आताचा शिफ्ट इन्चार्ज