गोन्सालो गार्सियांची झाकली गेलेली वर्षे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी आला की संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाच्या बातम्या छापून येतात. मथळे बहुधा ठरलेले असतात, 'पहिले भारतीय संत' नाहीतर 'वसईचे सुपुत्र'. वसईकर ख्रिस्ती म्हणून मलाही त्याचा अभिमान आहे. पण या मथळ्यांखाली माणूसच झाकला जातो, म्हणून हे पत्र.

प्रवचनात आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांची गोष्ट साधारण अशी सांगितली जाते: १५५७च्या सुमारास वसईत जन्म, वडील पोर्तुगीज, आई इथलीच, किल्ल्यात येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंकडे शिक्षण, मग जपान आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रूसावर मरण. मधली वीस-पंचवीस वर्षे दोन वाक्यांत उरकतात. खरा माणूस मात्र त्याच वर्षांत सापडतो.

कोवळ्या वयात ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तिथली भाषा सफाईने बोलू लागले, लोकांना धर्मशिक्षण देऊ लागले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा होती, ती पुरी झाली नाही. तेव्हा ते व्यापारात पडले आणि त्यात त्यांचा चांगला जमही बसला. पुढे फिलिपिन्समधल्या मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात गेले तेही ब्रदर, म्हणजे धर्मगुरू नसलेले व्रतस्थ, म्हणून. अखेरपर्यंत ते फादर झाले नाहीत.

सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू होण्याचे शिक्षण, अर्धवट सोडून घरी आलेल्या मुलाकडे आपल्या गावांत आजही कसे बघतात, हे वेगळे सांगायला नको. आईवडील महिनोन् महिने मिस्साला मागच्या बाकावर बसतात. कुणी तोंडावर बोलत नाही, पण सगळे बोलतात. अशा घराला गोन्सालोंच्या या वर्षांइतका आधार दुसरा कशाचा वाटणार? आणि आपण नेमकी तीच वगळतो!

१५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना मनिलाहून दूत म्हणून जपानला पाठवण्यात आले. सोबत दुभाषी होते गोन्सालो. जपानचा सर्वेसर्वा तोयोतोमी हिदेयोशी फिलिपिन्सने आपल्यापुढे मान तुकवावी म्हणून अडून बसलेला. जराशा शब्दाने बिनसेल अशा त्या दरबारात वसईचा हा माणूस मध्ये उभा राहून एकाचे बोलणे दुसऱ्याला सांगत होता. दुभाष्याच्या हातात अधिकार काहीच नसतो, जोखीम मात्र सगळी असते. बोलणी निभावली. फ्रान्सिस्कनांना क्योतोत राहू दिले गेले आणि तिथे त्यांनी गरिबांची, कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली.

१५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. मिशनऱ्यांमागून स्पेनची फौज येईल, अशा त्यावरून उठलेल्या संशयात हिदेयोशीचा रोष मिशनऱ्यांवर वळला. धरलेल्यांचे डावे कान क्योतोत कापले, लोकांना दहशत बसावी म्हणून त्यांची धिंड काढली आणि ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेले. निशिझाका टेकडीवर क्रूसावर चढवलेल्या त्या सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन आणि तीन जपानी येशूसंघीय होते. उरलेले सतरा प्रापंचिक, त्यांतला सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघा बारा वर्षांचा.

आपल्याकडे ओल्ड एज होमला भेट द्यायची असो की दारूड्या नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईची सोय लावायची असो, आधी 'फादर काय म्हणतात?' असे विचारायची सवय लागली आहे. (फादरांनाही ती आवडते, हे जाता जाता सांगतो.) जपानमध्ये मात्र पुढे ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरू जवळपास नव्हतेच. आईबाप मुलांना गुपचूप प्रार्थना शिकवत राहिले, आपणच बाप्तिस्मा देत राहिले. १८६५ साली नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये काही गावकरी आले आणि आपणही याच श्रद्धेचे आहोत असे त्यांनी फ्रेंच धर्मगुरूंना हळूच सांगितले. ते चर्च याच सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने बांधलेले होते. तीनच वर्षांपूर्वी, १८६२ मध्ये, पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले होते.

म्हणून सणाच्या आयोजकांना एक सुचवावेसे वाटते. मिरवणूक, बँड, रोषणाई सगळे खुशाल होऊ द्या. नोव्हेनाच्या नऊ दिवसांतला एखादा दिवस मात्र फादरांऐवजी एखाद्या नर्सला, रिक्षावाल्याला किंवा सेमिनरीतून परतलेल्या एखाद्या तरुणाला बोलायला द्या. आणि आपल्या वर्तमानपत्राने पुढच्या वर्षी मिरवणुकीच्या फोटोसोबत या सव्वीस जणांची नावे छापली, तर आमची मुले ती निदान एकदा तरी वाचतील.

आपला,
एक वाचक, वसई