मुक्तास पत्र

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल आईचे तुझ्या मैत्रिणीशी बोलणे झाले, तेव्हा तीन आठवड्यांच्या खोकल्याची गोष्ट कळली. रागवायचे नाही असे ठरवून लिहायला बसलो आहे. म्हणून तू बुखारेस्टच्या विद्यापीठ चौकातून ज्यांच्या पुतळ्याचा फोटो पाठवला होतास, त्या रोमानियन शिक्षक गेओर्गे लाझारांविषयीच लिहितो.

लाझारांचा जन्म १७७९ साली ट्रान्सिल्व्हेनियातल्या अव्रिग गावी, शेतकऱ्याच्या घरात झाला. ते व्हिएन्नापर्यंत शिकले आणि सिबिऊला शिकवू लागले, पण तिथल्या बिशपांशी बिनसल्यावर डोंगर ओलांडून १८१६ साली बुखारेस्टला आले. तेव्हा तिथे राज्यकर्ते ग्रीक वळणाचे, वरचे शिक्षणही ग्रीकमधून, आणि तत्त्वज्ञान किंवा गणित रोमानियन भाषेला पेलणारच नाही, असे तिथले प्रतिष्ठित लोकच म्हणत. लाझारांनी १८१८ साली संत सावा मठाच्या खोल्यांत शाळा काढून अंकगणित, भूमिती आणि जमीनमोजणी रोमानियनमधून शिकवली. त्याआधी मोल्दावियातल्या इयाशी शहरात असाकी नावाच्या शिक्षकांनी असा प्रयोग केला होता, हे मान्य. पण स्वभाषेचा अभिमान नुसत्या भाषणात न ठेवता त्रिकोणाच्या क्षेत्रफळापर्यंत उतरवणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो. एकतीस वर्षे मराठीतून भूमिती शिकवलेल्या माणसाला तो तसा वाटणारच.

खोकला रात्री वाढतो का? कफ पडतो का? तू स्वतः डॉक्टर होणार आहेस, तुला हे विचारणे बरे दिसत नाही, तरी विचारतो.

मागच्या फोनवर तू सांगितलेस की वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या बाईंना तू ‘उंदे व दोआरे?’, म्हणजे कुठे दुखते आहे, असे विचारलेस आणि त्यांनी तुझा हात धरून ठेवला. ते ऐकल्यापासून मी शेजारच्या चार घरी सांगून आलो. ज्या भाषेत शास्त्र मावणार नाही म्हणत होते, तिच्यातून माझी मुलगी आज वैद्यक शिकते आहे. लाझारांना हे कळायला हवे होते.

त्यांच्या शाळेतला एउफ्रोसिन पोतेका १८२० साली पुढच्या शिक्षणासाठी इटलीत पिसाला गेला. १८२१ च्या उठावात शाळा मोडली, आणि पुढे इयोन हेलियादे रादुलेस्कु या विशीतल्या शिष्याने ती सांभाळली. लाझार तोवर आजाराने खचले होते. शेवटी त्यांना गाडीत घालून अव्रिगला नेले. शहर सोडताना गाडीत उभे राहून त्यांनी चारी दिशांना आशीर्वाद दिला, असे सांगतात. १८२३ च्या सप्टेंबरात ते गेले, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. वाचताना मला ती गाडीच दिसत राहिली. सदाकाकालाही आपण असेच जीपमध्ये आडवे घालून आणले होते. तू लहान होतीस, पण त्याच्या उशाखालचे रुमाल तुला आठवत असतील. परीक्षा होऊ दे, मग दाखवतो, असे तोही म्हणत होता. अभ्यासापुढे शरीराची हेळसांड करणे याला मी निष्ठा म्हणत नाही, आणि ज्यांना शिकायचे असते त्यांनी आधी—

राहू दे. पुन्हा वर्गात उभा राहिल्यासारखे लिहू लागलो. चुकले माझे. एवढ्या लांब, एवढ्या थंडीत एकटी राहतेस, आणि कसे राहावे हे मी इथे झोपाळ्यावर बसून सांगतो.

पुतळा १८८६ चा आहे, इयोन जॉर्जेस्कु या शिल्पकाराने घडवलेला. जिथे मठ होता, त्याच जागेवर तो चौक आहे. पुढच्या वेळी जाशील तेव्हा जवळून फोटो काढ. पुतळ्यातल्या लाझारांच्या हातात काय आहे ते मला इथून नीट दिसत नाही.

आजीने अडुळशाची पाने वाळवायला घातली आहेत. तिला अजून काही सांगितलेले नाही. छातीचा एक्स-रे या आठवड्यातच काढ आणि रिपोर्ट माझ्या फोनवर पाठव, आईच्या नको.

तुझे,
बाबा